सुपरकार्सचं कॅलेंडर असं का, आणि शर्यतींचं स्वरूप सारखं का बदलतं?

नमस्कार. तुमचा प्रश्न लांब आहे आणि रागाच्या भरात लिहिलेला आहे, म्हणून आधी तो थोडक्यात मांडतो. तुम्ही मूळचे नाशिकचे, आता मेलबर्नला क्लेटनमध्ये राहता. घरापासून जवळच सँडाउनचा ट्रॅक. इंजिनांचा आवाज ऐकून एकदा आत डोकावलात आणि ऑस्ट्रेलियन टूरिंग कारच्या, म्हणजे रस्त्यावरच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांच्या, आजच्या सुपरकार्स मालिकेच्या, नादी लागलात. आता वैताग असा की वर्षाच्या सुरुवातीला महिना महिना शर्यतच नसते आणि वर्ष संपत आलं की धडाका. एका फेरीत, म्हणजे एका शनिवार-रविवारच्या कार्यक्रमात, दोन शर्यती, दुसरीत तीन, तिसरीत दिवसभराची एकच. तिकीट काढून गेलं तर सकाळपासून बसावं लागतं आणि खऱ्या गाड्या तासभर दिसतात. त्यात 2025 पासून फायनल्स, म्हणजे शेवटच्या तीन फेऱ्यांत एकेक चालक बाद करत जाण्याची पद्धत, आल्या आणि वर्षभर सगळ्यात जास्त शर्यती जिंकलेला चालक ब्रॉक फीनी विजेतेपदाला मुकला. नाशिकच्या भावाला शर्यतीची वेळ कळवताना दर वेळी घोळ होतो, ते वेगळंच. शेवटी तुम्ही विचारलंय, "यांना प्रेक्षक हवे आहेत की नकोत?"

हवे आहेत. फक्त त्यांना आणखी तीन-चार गिऱ्हाइकं सांभाळायची असतात, आणि ती तुमच्यापेक्षा मोठी रक्कम घेऊन आलेली असतात.

मी कुठून बोलतोय तेही सांगतो. पोटापाण्यासाठी मी मेलबर्नमध्ये मालवाहतुकीचं नियोजन करतो. शनिवार-रविवारी बरीच वर्षं शर्यतींवर स्वयंसेवक अधिकारी म्हणून जातो. सुरुवात झेंडे दाखवण्यापासून केली, हल्ली बहुतेक वेळा रेस कंट्रोलमध्ये, म्हणजे जिथून शर्यत चालवली जाते त्या खोलीत, दिवसाच्या वेळापत्रकाचा कागद समोर घेऊन बसलेला असतो. सुपरकार्सकडून मला पगार मिळत नाही, त्यामुळे त्यांची बाजू घ्यायचं कारण नाही. पण ट्रक आणि घड्याळ या दोन गोष्टी रोजच्या असल्यामुळे तुमच्या काही तक्रारींवर मला उत्तर आहे. काहींवर नाही, कारण तिथे तुमचंच बरोबर आहे.

तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी एकात एक अडकल्यात. एक तारखांची: शर्यती कधी आणि कुठे होतात. दुसरी किमतीची: आज जी शर्यत मी बघतोय ती जिंकल्यावर नक्की मिळतं काय. पहिलीला बरीचशी खरी कारणं आहेत. दुसरीला फारशी नाहीत, आणि माझ्या मते तुम्हाला खरा त्रास तिचाच होतोय.

आधी तारखा. 2024 चं कॅलेंडर घ्या, कारण ते तुम्ही म्हणता त्याचा अगदी नमुना आहे. बाथर्स्टला 23 ते 25 फेब्रुवारी, मेलबर्नला ग्रां प्रीसोबत 21 ते 24 मार्च, न्यूझीलंडला टाउपो इथे 19 ते 21 एप्रिल, पर्थला 17 ते 19 मे, डार्विनला 14 ते 16 जून. रविवार मोजा: प्रत्येक वेळी बरोबर चार आठवडे. जुलैमध्ये मात्र टाउन्सव्हिल आणि सिडनी दोन आठवड्यांच्या अंतरानं. ऑक्टोबरमध्ये बाथर्स्ट 1000 (डोंगरावरच्या ट्रॅकवरची 1000 किमीची, वर्षातली सगळ्यात मोठी शर्यत) आणि गोल्ड कोस्टही तसंच, आणि त्यानंतर तीन आठवड्यांत ॲडलेड. 17 नोव्हेंबरला मोसम संपला तो पुढच्या वर्षी 21 फेब्रुवारीला सिडनीत सुरू झाला. तीन महिने पूर्ण शांतता.

आपल्याकडे लग्नाची तारीख कशी ठरते? पत्रिकेत मुहूर्ताचा उल्लेख असतो, पण आधी कार्यालय कधी मोकळं आहे ते बघतात आणि मग गुरुजी त्यात मुहूर्त बसवतात. इथेही तेच. बारा-तेरा कार्यालयं, प्रत्येकाचा मालक वेगळा, आणि मुहूर्त सगळ्यात शेवटी.

डार्विन आणि टाउन्सव्हिल उत्तरेत आहेत, तिथे पावसाळा आपल्या हिवाळ्यात येतो. म्हणून ते दोन्ही जून-जुलैमध्येच बसतात. टास्मानियात भर थंडीत प्रेक्षक जमवणं कठीण. मेलबर्नच्या आल्बर्ट पार्कची तारीख फॉर्म्युला वन ठरवतं, सुपरकार्स तिथे पाहुणे. 2018 पासून त्या शर्यतींना अजिंक्यपदाचे गुण मिळतात, त्याआधी त्या नुसत्या दिखाव्याच्या होत्या. गुण मिळायला लागले तरी घरातलं स्थान बदललेलं नाही: सराव आखूड, वेळ यजमान सांगेल ती. सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला एएफएल आणि एनआरएल या दोन्ही फुटबॉलचे अंतिम सामने येतात. ऑस्ट्रेलियात त्या आठवड्यांत त्यांच्यासमोर उभं राहायची कुणाची हिंमत नसते. म्हणून बाथर्स्ट 1000 ऑक्टोबरमध्ये, फुटबॉल आटोपल्यावर.

त्यावर राज्य सरकारं. रस्त्यावरच्या शर्यती, म्हणजे ॲडलेड, गोल्ड कोस्ट, टाउन्सव्हिल, राज्याच्या पैशांवर उभ्या राहतात, कारण सरकारला त्या आठवड्यात हॉटेलं भरलेली हवी असतात. मग तारीखही सरकारला सोयीची. ॲडलेड 500 ही 1999 पासून बहुतेक वर्षं मोसमाची सुरुवात असायची. 2020 मध्ये तिथल्या सरकारनं ती रद्दच करून टाकली. 2022 मध्ये सरकार बदललं, शर्यत परत आली, पण डिसेंबरमध्ये, मोसमाचा शेवट म्हणून. एका निवडणुकीनं कॅलेंडरचं डोकं उचलून शेपटीला लावलं. न्यूकॅसलला उलटं झालं. 2017 मध्ये सुरू झालेली बंदरालगतची शर्यत 2023 नंतर पुढे गेली नाही, कारण करार वाढवायला सगळे तयार झाले नाहीत. आणि रहिवासी? ज्यांच्या दारासमोर काँक्रीटच्या भिंती येतात त्यांची बाजू ऐकली तर त्यांनाही दोष देता येत नाही.

आता ट्रक, हा माझा प्रांत. बहुतेक संघ मेलबर्नच्या आसपास किंवा क्वीन्सलँडच्या आग्नेय कोपऱ्यात आहेत. मेलबर्न ते पर्थ साधारण 3,400 किमी. इथल्या साध्या नियमांनुसार एकट्या ट्रकचालकाला 24 तासांत 12 तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, म्हणजे एकटा माणूस पर्थला चौथ्या दिवशी पोचेल. दोन चालक घातले तर लवकर, पण खर्च दुप्पट. पर्थहून डार्विन आणखी 4,000 किमी. डार्विनहून टाउन्सव्हिल 2,500 च्या आसपास. न्यूझीलंडला तर सगळं सामान समुद्र ओलांडून न्यायचं. एखादी गाडी पर्थला भिंतीवर आदळली तर ती कारखान्यात आणून, सरळ करून, परत पाठवायला दोन आठवडे कमी पडतात, तीन आठवड्यांत कसंबसं जमतं.

त्यामुळे 2025 मध्ये पर्थ 6 ते 8 जून आणि डार्विन 20 ते 22 जून लागोपाठ ठेवले, तेव्हा मला बरं वाटलं होतं. ट्रकांना घरी न येता खालून वर सरळ जाता येतं. नियोजन करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना असं कॅलेंडर सुंदर दिसतं. ज्या मेकॅनिकला घर सोडून राहावं लागतं त्याला ते कसं दिसत असेल हा वेगळा प्रश्न.

ट्रक हलवायची गरज नसेल तर शर्यती किती दाटीनं घेता येतात तेही एकदा दिसलंय. 2021 मध्ये कोविडमुळे राज्यांच्या सीमा बंद झाल्या, तेव्हा सिडनी मोटरस्पोर्ट पार्कवर ओळीनं चार फेऱ्या घेतल्या आणि मग डिसेंबरात बाथर्स्ट. महिनाभराची पोकळी नको म्हणणाऱ्यांना हवं ते मिळालं होतं. दुसऱ्या फेरीनंतर लोक काय म्हणायला लागले? तोच ट्रॅक, तोच निकाल, कंटाळा आला.

म्हणून तारखांच्या बाबतीत मी आयोजकांना बरंच माफ करतो. करत नाही ते एकच: वर्षाच्या सुरुवातीला चार-चार आठवड्यांची अंतरं. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवीन माणूस उत्सुक असतो आणि फुटबॉल अजून रंगात आलेलं नसतं. तेव्हाच महिनाभर गायब व्हायचं म्हणजे आलेल्या गिऱ्हाइकाला दारात उभं करून दुकान बंद करण्यासारखं आहे.

ट्रॅकवरच्या दिवसाबद्दलची तुमची तक्रार मला जवळची आहे, कारण त्या ताटकळण्यात माझ्यासारख्यांचाही हात असतो. तुम्ही खुर्चीत बसून रिकामा ट्रॅक बघत असता तेव्हा आत काय चाललेलं असतं ते सांगतो.

समजा सकाळच्या एखाद्या सहाय्यक, म्हणजे मुख्य शर्यतीआधीच्या छोट्या, शर्यतीत एका गाडीचं इंजिन फुटलं. वळणावरच्या पॉइंटवरून रेडिओवर निरोप येतो: तेल सांडलंय, रेसिंग लाइनवर (सगळ्या गाड्या जिथून जातात त्या पट्ट्यावर), वळणाच्या आतल्या कडेपासून बाहेरपर्यंत. शर्यत थांबते. ट्रकमधून सिमेंटच्या गोण्या येतात. दोघं जण ओळीवर सिमेंट पसरतात, मागून झाडूवाले ते दाबून फिरवतात म्हणजे तेल शोषलं जाईल, मग जास्तीचं झाडून बाजूला. काळा डांबरी पट्टा राखाडी होतो आणि पुढची पहिली गाडी त्यावरून गेली की पिठासारखा ढग उठतो. तिथला मार्शल पिवळ्या-तांबड्या उभ्या पट्ट्यांचा झेंडा धरतो, म्हणजे पुढे निसरडं आहे. या सगळ्याला पंधरा मिनिटं सहज जातात. चालकाला रुग्णवाहिकेतून न्यावं लागलं तर तिच्या जागी दुसरी उभी राहीपर्यंत ट्रॅक चालू करताच येत नाही. टायरची भिंत विस्कटली असेल तर ती परत रचून बांधायची.

ती पंधरा-वीस मिनिटं कुठून काढायची? मुख्य शर्यतीला हात लावता येत नाही, तिची वेळ दूरचित्रवाणीला विकलेली आहे. म्हणून पुढच्या सहाय्यक शर्यतीचे दहा लॅप सहा होतात, तिच्या पुढची कधी रद्दच होते. मधली फट मुद्दाम मोठी ठेवावी लागते, कारण ती फट म्हणजेच आमची बचत. दिवस सुरळीत गेला तर ती खर्च होत नाही आणि तुम्हाला रिकामा ट्रॅक दिसतो. ज्या दिवशी तुम्ही जास्तीत जास्त कंटाळलात तो दिवस आमच्या दृष्टीनं उत्तम गेलेला असतो.

आता ज्याला मी खरी तक्रार म्हणतो तिकडे वळू.

हे अजिंक्यपद 1960 मध्ये सुरू झालं तेव्हा ती एकच शर्यत होती, न्यू साउथ वेल्समधल्या ऑरेंजजवळच्या नू ब्लास ट्रॅकवर. 1969 पासून ती अनेक फेऱ्यांची मालिका झाली. तेव्हापासून "एका आठवड्यात काय काय घ्यायचं" याचा खेळ चालूच आहे. 2006 मध्ये उलट्या क्रमाची शर्यत आणली: आधीच्या शर्यतीत पुढे आलेला मागून सुरू करणार. गाड्यांची मोडतोड झाली, संघांनी ओरड केली आणि मोसमाच्या मधेच ती गुंडाळली. 2013 मध्ये काही फेऱ्यांत शनिवारची शर्यत 60-60 किमीच्या दोन तुकड्यांत तोडली आणि मध्ये चक्क मध्यंतर दिलं. पुढच्या वर्षी तेही गेलं. त्यानंतर टायरांच्या प्रकारांचे आणि लांबीचे प्रयोग झाले.

नावांचा घोळ तर विचारू नका. सँडाउन 500 म्हटलं की 2024 पर्यंत दोन चालकांची एकच 500 किमीची शर्यत, 161 लॅपची. गंमत म्हणजे बाथर्स्टचेही लॅप तेवढेच, 161, फक्त तिथला लॅप 6.213 किमीचा. पण गोल्ड कोस्ट 500 मधले 500 म्हणजे 250 अधिक 250, दोन दिवसांत दोन शर्यती. 2024 पर्यंत टाउन्सव्हिल 500 तसंच. 2025 मध्ये सँडाउन सप्टेंबरमधून उचलून नोव्हेंबरमध्ये, फायनल्समध्ये टाकलं, आणि दोन चालकांची 500 किमीची शर्यत दक्षिण ऑस्ट्रेलियात द बेंडला गेली. तुमच्यासारख्या क्लेटनकराला कुणी समजावून सांगायला गेलं नाही, यात नवल नाही.

तरीही प्रत्येक ट्रॅकवर शर्यत वेगळी असावी, असं माझं मत आहे. कारण साधं आहे. टास्मानियातल्या सिमन्स प्लेन्सचा लॅप 2.41 किमीचा, या गाड्या तो पन्नासएक सेकंदांत मारतात. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाडी थांबवायच्या जागेत, शिरून टायर बदलून बाहेर पडायला अर्ध्या लॅपहून जास्त वेळ जातो, म्हणजे तुम्ही बाहेर येता ते थेट मागच्या गाड्यांच्या गर्दीत. एक थांबा चुकला की शर्यत गेली. बाथर्स्टला लॅप दोन मिनिटांहून मोठा. तिथे पिटमध्ये गेलात तरी लॅप जात नाही, सहा तासांत चूक भरून काढायला वाव असतो. एकच नियम दोन्ही ठिकाणी लावला तर एकीकडे जुगार होईल, दुसरीकडे झोप येईल. त्यामुळे "सगळीकडे सारखं करा" ही जी मागणी बऱ्याच चाहत्यांकडून येते, तिला मी कधीच मान डोलावणार नाही.

माझा आक्षेप आहे तो वर्षावर्षाला बदलण्यावर. सिमन्स प्लेन्सला दोन आखूड शर्यती असतील तर पाच वर्षं तशाच राहू द्या, लोकांना सवय होऊ द्या. मागच्या वर्षी इथे काय झालं होतं हे आठवून यंदाची शर्यत बघण्यात जी मजा आहे, ती स्वरूप बदललं की संपते. तुलनाच करता येत नाही.

दुसरा आक्षेप गुणांवर. 2024 पर्यंतचा ढोबळ हिशोब असा होता की प्रत्येक फेरीत जास्तीत जास्त 300 गुण. दोन शर्यती असतील तर जिंकणाऱ्याला 150 आणि 150. बाथर्स्ट 1000 जिंकलं तरी 300. म्हणजे डोंगरावर सहा तास, दोन चालक, कांगारू रस्त्यात येण्याची धास्ती, हे सगळं आणि पर्थचा एक शनिवार-रविवार, दोन्हींची किंमत एकच. संघांना हे आवडतं, कारण एका अपघातानं वर्ष वाया जात नाही. प्रेक्षकाला मात्र ते पटणं कठीण.

बाथर्स्टचाच विषय निघालाय तर "लांब शर्यत कंटाळवाणी असते" या वाक्याकडेही जरा बघू, कारण आखूड शर्यतींची मागणी त्यातूनच येते. 2014 ची शर्यत जवळजवळ आठ तास चालली. दुसऱ्या वळणावरचं डांबर उखडलं, शर्यत थांबवून ते दुरुस्त केलं, आणि शेवटच्या लॅपला पुढे असलेल्या जेमी विनकपचं पेट्रोल संपत आलं. ग्रिडवर सगळ्यात मागून सुरू केलेले चॅझ मॉस्टर्ट आणि पॉल मॉरिस जिंकले. दहा वर्षांनी, 2024 मध्ये, ब्रोडी कोस्टेकी आणि टॉड हेझलवुड जिंकले ती शर्यत सहा तासांच्या आत संपली, इतिहासातली सगळ्यात वेगवान. सेफ्टी कार, म्हणजे अपघातानंतर सगळ्यांच्या पुढे राहून वेग कमी ठेवणारी गाडी, दिवसभरात एकदाच आली. पुष्कळांनी तिला नीरस म्हटलं. मला ती फार आवडली. कोस्टेकीच्या मागे फीनी लागलेला, अंतर लॅपागणिक थोडं कमी-जास्त होतंय, दोघांपैकी कुणी चुकत नाही. आता एकच स्वरूप, तोच ट्रॅक, आणि दोन टोकांचे दिवस. स्वरूप बदलून थरार विकत घेता येतो असं ज्यांना वाटतं त्यांनी या दोन शर्यती लागोपाठ बघाव्यात.

फायनल्सबद्दल मात्र मी तुमच्याइतका संतापलेला नाही, आणि त्यातलं निम्मं ऑस्ट्रेलियात राहिल्याचा परिणाम आहे. इथे साखळीत पहिला आलेला फुटबॉल संघ आणि विजेता संघ एकच असेल असं कुणी धरूनच चालत नाही. आपल्याला आयपीएलची सवय आहे, तिथेही गुणतक्त्यात पहिला आलेला संघ अंतिम सामना हरला तर कुणी कोर्टात जात नाही. 2025 मध्ये सुपरकार्सनं तेच केलं: दहा चालक गोल्ड कोस्टला, त्यातले सात सँडाउनला, त्यातले चार ॲडलेडला, आणि तिथे निकाल. फीनी वर्षभर सगळ्यांच्या पुढे होता, ॲडलेडच्या शेवटच्या रविवारी त्याचा दिवस फिरला आणि विजेतेपद मॉस्टर्टकडे गेलं. मॉस्टर्टनं काही चोरलं नाही, त्याला जो नियम दिला त्यानुसार तो जिंकला.

पण फुटबॉलच्या अंतिम सामन्यात मैदानावर दोनच संघ असतात. इथे ट्रॅकवर जेमतेम चार जण विजेतेपदासाठी लढत असतात आणि उरलेल्या वीसेक गाड्याही त्याच शर्यतीत, त्याच वळणावर, स्वतःच्या कारणांसाठी भांडत असतात. त्यात चौघांच्या संघातले सहकारीही आले. एखाद्याचा सहकारी मधल्या फळीत आहे आणि प्रतिस्पर्धी त्याच्या मागे आला, तर त्यानं काय करायचं? नियमात उत्तर आहे, माणसाच्या स्वभावात नाही. आणि रेस कंट्रोलमध्ये बसणाऱ्याला अशा दिवशी प्रत्येक धडक दोनदा तपासावी लागते: ही चूक, की मदत? फायनल्स ठेवायच्याच असतील तर किमान शेवटच्या फेरीत वर्षभराच्या कामगिरीला आणखी वजन द्यावं, असं मला वाटतं. इथे मतभेद होऊ शकतो. ज्याला एका दिवसाचा थरार हवा आहे त्याला माझी सूचना पचपचीत वाटेल.

दूरचित्रवाणीचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे लढाई जुनी आहे. 2021 पासून सगळ्या फेऱ्या थेट बघायच्या तर पैसे भरून, आणि निवडक फेऱ्या चॅनेल सेव्हनवर फुकट. बाथर्स्ट 1000 त्या फुकटच्यांत असतं. पैसे भरायला लावतात म्हणून चिडणाऱ्यांना 1997 आणि 1998 ची आठवण करून देतो. तेव्हा प्रक्षेपणाच्या हक्कांवरून आयोजक आणि व्ही8 वाल्यांचं, म्हणजे आजच्या सुपरकार्सच्या तेव्हाच्या मालिकेचं, इतकं बिनसलं की दोन्ही वर्षी दोन-दोन बाथर्स्ट 1000 झाल्या, वेगळ्या गाड्यांच्या, वेगळ्या चॅनेलांवर. त्या मानानं आजचं बरं आहे.

भावाच्या वेळांचा घोळ तुमच्या चुकीमुळे होत नाही. ऑस्ट्रेलियातली घड्याळं राज्यागणिक वेगळी, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी काही राज्यं एक तास पुढे जातात, काही जात नाहीत. बाथर्स्ट त्यानंतर येतं, त्यामुळे तिथलं घड्याळ भारताच्या साडेपाच तास पुढे: तिथे साडेअकराला शर्यत सुटली तर नाशिकला पहाटेचे सहा. दोन आठवड्यांनी गोल्ड कोस्ट, पण क्वीन्सलँड घड्याळ हलवत नाही, म्हणून तिथे फरक साडेचारच. भाऊ बाथर्स्टच्या हिशोबानं उठला तर तासभर आधीच चहा घेऊन बसलेला असणार. नोव्हेंबरमधल्या ॲडलेडला फरक बरोबर पाच तास, डार्विनला चार, पर्थला अडीच, आणि एप्रिलच्या मध्यात न्यूझीलंडला साडेसहा. हा परिच्छेद त्याला तसाच पाठवा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, सँडाउनचं तिकीट तीन दिवसांचं काढावं का. हे तुम्हाला काय आवडतं त्यावर आहे. नुसता निकाल बघायचा असेल तर रविवारी घरी बसा, टीव्हीवर जास्त कळतं. गाड्या बघायच्या असतील तर शनिवार घ्या: क्वालिफाइंग (शर्यत सुटतानाचा क्रम ठरवणारी वेळेची चाचणी) आणि शर्यत दोन्ही त्याच दिवशी असतील असं वेळापत्रक असेल तर सोन्याहून पिवळं, आणि गर्दी रविवारपेक्षा कमी. सँडाउन हा मुळात घोड्यांच्या शर्यतीचा रेसकोर्स, त्यामुळे मोठ्या स्टँडमधून जवळजवळ सगळा ट्रॅक दिसतो, जे ऑस्ट्रेलियात फार कमी ठिकाणी मिळतं. मागचा सरळ पट्टा चढत जाऊन डँडेनाँग रोडच्या बाजूला वळतो, तिथे ब्रेक मारताना गाड्या कशा डोलतात ते एकदा बघा. गाडी नेऊ नका, सँडाउन पार्क स्टेशनवर उतरून चालत या. कानात घालायला बोळे आणा. आणि दुपारी मधेच अर्धा तास ट्रॅक रिकामा दिसला की समजा सिमेंटची गोणी उघडावी लागली नाही. तेवढ्यात स्टँडमागे जाऊन खाऊन या, रांग तेव्हाच लहान असते.